हॅलिबट: कुठला घ्यावा आणि किती शिजवावा

हॅलिबट पहिल्यांदाच आणणाऱ्यांची अडचण दोन ठिकाणी होते. पहिली दुकानात: 'हॅलिबट' एवढीच पाटी लावून निरनिराळे मासे विकले जातात, आणि त्यांतल्या काहींची समुद्रातली स्थिती ठीक आहे, तर काहींची फार नाजूक. दुसरी स्वयंपाकघरात: या माशात चरबी इतकी कमी असते की आचेवर दोन मिनिटं जास्त राहिला तरी तो कोरडा पडतो. दुकानात चार प्रश्न विचारायची सवय लावली आणि शिजवताना घड्याळापेक्षा माशाकडे लक्ष ठेवलं, की दोन्ही अडचणी सुटतात. ते कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी माशाची ओळख

चपट्या माशांमध्ये हॅलिबट सगळ्यात मोठा. पॅसिफिक महासागरातला हॅलिबट दोन मीटरहून लांब आणि २०० किलोहून जड होऊ शकतो, आणि अटलांटिकमधला त्याच्याही पुढे जातो. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे. पुढच्या काही महिन्यांत त्याचा डावा डोळा डोक्यावरून सरकत उजव्या बाजूला येतो आणि मासा कुशीवर आडवा होऊन समुद्रतळाशी राहायला लागतो. डोळ्यांची बाजू तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, तळाच्या रंगात मिसळून जाणारी. खालची बाजू पांढरी.

विकत घेणाऱ्याला सगळ्यात महत्त्वाचं आहे ते याचं वय. पॅसिफिक हॅलिबटची मादी साधारण बाराव्या वर्षी अंडी घालण्याजोगी होते, नर आठव्या वर्षाच्या आसपास. पन्नाशी ओलांडलेले हॅलिबटही सापडले आहेत. माद्या नरांपेक्षा कितीतरी मोठ्या होतात, त्यामुळे फार मोठा हॅलिबट पाहिलात तर ती जवळजवळ नक्की मादीच असते, आणि अशी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या माशाचा एकदा उपसा झाला की भरपाईला पिढी जाते. बारा वर्षांचा जीव ताटात येतो आहे हे मनात असलं की तो कुठून आला हे विचारावंसं वाटतं, आणि तो जास्त शिजवून वाया घालवणंही जिवावर येतं. माझ्या लेखी या दोन्ही गोष्टी एकाच जबाबदारीच्या आहेत.

पायरी १: पाटीवरचा हॅलिबट नेमका कोणता?

पॅसिफिक हॅलिबट, म्हणजे हिप्पोग्लॉसस स्टेनोलेपिस, हा उत्तर पॅसिफिकमधला. बाजारात येणारा बहुतेक अलास्का आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावरून येतो. मांस घट्ट, पांढरंशुभ्र, चव सौम्य आणि किंचित गोडसर.

अटलांटिक हॅलिबट, हिप्पोग्लॉसस हिप्पोग्लॉसस, हा त्याचा जवळचा भाऊबंद. चवीत फारसा फरक नाही, पण समुद्रातल्या स्थितीत फार आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

ग्रीनलँड हॅलिबट हा वेगळाच मासा. थंड, खोल पाण्यात राहतो, चरबी भरपूर, मांस मऊ. वाईट अजिबात नाही, पण इथे सांगितलेल्या वेळा आणि पद्धती त्याला लागू पडणार नाहीत. काही ठिकाणी तो 'टर्बट' म्हणून विकतात, आणि टर्बट नावाचा खरा मासा आणखी निराळाच, त्यामुळे गोंधळ वाढतो.

कॅलिफोर्निया हॅलिबट हा नावाने हॅलिबट, पण दुसऱ्या कुळातला आणि आकाराने बराच लहान.

याशिवाय ॲरोटूथ फ्लाउंडर नावाचा चपटा मासा लहान हॅलिबटसारखा दिसतो. त्याच्या मांसातल्या विकरामुळे तो तापवला की प्रथिनं विरघळायला लागतात आणि तव्यात लगदा होतो. 'हॅलिबट आणला आणि त्याचा गाळ झाला' अशी तक्रार ऐकली की माझी पहिली शंका याच्यावर जाते. पॅसिफिक हॅलिबटमध्येही कधीकधी एका सूक्ष्म परजीवीमुळे मांस असं मऊ पडतं, पण ते क्वचित.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न: कोणता हॅलिबट, पूर्ण नाव काय? पाकीटबंद मासा असेल तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात शास्त्रीय नाव असतं. 'हिप्पोग्लॉसस'ने सुरू होत असेल तर तो खरा हॅलिबट.

पायरी २: कुठल्या समुद्रातला?

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळा निर्णय इथेच होतो.

अटलांटिक हॅलिबटची गोष्ट दुःखाची आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या मच्छीमारांनी जवळच्या जॉर्जेस बँक या उथळ समुद्रपट्ट्यावर त्याची बेसुमार धरपकड केली. शतकाच्या मध्यापर्यंत तिथला मासा विरळ झाला, मग बोटी पुढच्या पाण्यांकडे सरकत गेल्या आणि तिथेही तेच झालं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा साठा आजपर्यंत सावरलेला नाही. तिथे व्यापारी बोटीला एका फेरीत एकच हॅलिबट ठेवण्याची मुभा आहे. आइसलँडने २०१२ मध्ये हॅलिबटची थेट मासेमारी थांबवली. दुसऱ्या मासेमारीत चुकून आलेला हॅलिबट जिवंत असेल तर तो परत सोडावा लागतो.

पण सगळा अटलांटिक एका मापाने मोजू नका. कॅनडाच्या स्कोशियन शेल्फ आणि ग्रँड बँक्सच्या दक्षिण भागातला साठा चांगला वाढला आहे आणि तिथल्या मासेमारीला मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल या शाश्वत मासेमारी प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र २०१३ मध्ये मिळालं. म्हणजे एकच मासा, एकच महासागर, पण एका बाजूला घ्यायला हरकत नाही आणि दुसऱ्या बाजूला हात लावू नये अशी परिस्थिती. 'अटलांटिक हॅलिबट, समुद्रात पकडलेला' एवढंच कळलं आणि देश किंवा क्षेत्र कळलं नाही, तर मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

पॅसिफिकची गोष्ट वेगळी झाली ती वेळेवर जाग आली म्हणून. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ मध्ये करार करून एक संयुक्त आयोग स्थापन केला, आज त्याचं नाव आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग. हा आयोग दरवर्षी स्वतः गळ टाकून साठ्याचा अंदाज घेतो आणि त्यावरून प्रत्येक विभागाची पकडीची मर्यादा ठरते. व्यापारी मासेमारीत ३२ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ८१ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही. हिवाळ्यात, मासे खोल पाण्यात अंडी घालायला जातात तेव्हा, मासेमारी बंद असते.

तरी हे वाचून पॅसिफिकमध्ये मासा उतू चालला आहे असं समजू नका. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साठा बराच उतरला. माशांची वाढही मंदावली; आजचा बारा वर्षांचा हॅलिबट १९८० च्या दशकातल्या त्याच वयाच्या माशापेक्षा पुष्कळ लहान भरतो. अलीकडच्या वर्षांत आयोगाने मर्यादा खाली आणल्या आहेत. माझ्या मते ही विश्वास ठेवण्याजोगी खूण आहे: मासा कमी दिसला तेव्हा पकडही कमी करण्यात आली. शाश्वत मासेमारीची कसोटी अशाच वेळी लागते. खाणाऱ्यांनीही त्याच मापाने चालावं, म्हणजे हॅलिबट अधूनमधून खावा, रोजचा मासा करू नये.

मत्स्यशेतीतला हॅलिबट हा तिसरा मार्ग. नॉर्वेत अटलांटिक हॅलिबटची शेती होते, काही ठिकाणी जमिनीवरच्या टाक्यांत, काही ठिकाणी समुद्रातल्या पिंजऱ्यांत. समुद्रातल्या साठ्यावर त्याचा थेट भार पडत नाही, पण खाद्यात माशांचं पीठ आणि तेल असतं, ते कुठून येतं हा प्रश्न उरतो. टाक्यांमध्ये सांडपाणी गाळता येतं आणि मासे निसटून जाण्याचा धोका जवळजवळ नसतो, म्हणून दोन्ही पर्याय समोर असतील तर मी टाकीतला घेईन. शेतीतला मासा थोडा जास्त चरबीचा असतो, नवशिक्याला ते सोयीचंच.

पायरी ३: कशाने पकडला?

पॅसिफिक हॅलिबट मुख्यतः लाँगलाइनने पकडतात: समुद्रतळाशी पसरलेली लांब दोरी, ठरावीक अंतरावर आमिष लावलेले गळ. १९८० च्या दशकात इथे आतल्या बाजूला गोल वळलेले गळ आले. असा गळ जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही, त्यामुळे लहान मासा सोडून दिला तर जगण्याची शक्यता चांगली राहते. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या मानाने समुद्रतळाचं नुकसानही कमी.

लाँगलाइनचे दोषही सांगायला हवेत. दोरी पाण्यात जाताना वरचं आमिष खायला समुद्रपक्षी झेपावतात आणि गळाला अडकून बुडतात. अलास्कात दुर्मीळ झालेल्या आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसमुळे हा प्रश्न गंभीरपणे हाताळावा लागला. आता मोठ्या बोटींना दोरीच्या वर फडफडणाऱ्या पट्ट्यांची माळ बांधावी लागते, पक्षी त्यामुळे दूर राहतात. ब्रिटिश कोलंबियात गळाच्या बोटींवर कॅमेरे असतात आणि नको असताना आलेल्या माशांचीही नोंद होते. सावकाश वाढणारे रॉकफिश याच गळांना लागतात, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

ट्रॉलचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. अलास्काच्या पश्चिमेच्या बेरिंग समुद्रात इतर मासे पकडणाऱ्या ट्रॉलरच्या, म्हणजे ट्रॉल जाळं ओढणाऱ्या बोटींच्या, जाळ्यात हॅलिबट येतो. तो त्यांना विकता येत नाही, परत टाकावा लागतो, आणि त्यातला पुष्कळ मरतो. २०२४ पासून तिथल्या मोठ्या ट्रॉलरच्या एका ताफ्याला असा किती हॅलिबट चालेल याची मर्यादा हॅलिबटच्या त्या-त्या वेळच्या प्रमाणाशी जोडली आहे. दुकानातल्या तुकडीवर याचा काही ठसा दिसत नाही, पण हॅलिबटच्या भविष्याबद्दल मच्छीमार एवढे का भांडतात ते यावरून कळेल.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ताजेपणाशी तिचा थेट संबंध आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अलास्कात सगळ्यांसाठी मिळून एकच मर्यादा होती. बोटी इतक्या वाढल्या की हंगाम आक्रसत वर्षातल्या मोजक्या, चोवीस तासांच्या खेपांवर आला. वादळ असो की काही, त्या दिवशी समुद्रात जायचंच. बोटी जास्त भरल्या जात, दोऱ्या तोडून टाकाव्या लागत आणि तळाशी राहिलेले ते गळ मासे मारत राहत. सगळा मासा एकदम किनाऱ्याला लागे आणि हाताळणीची वाट लागे. १९९५ पासून प्रत्येकाचा वैयक्तिक हिस्सा ठरला. ब्रिटिश कोलंबियाने ते १९९१ मध्येच केलं होतं. मच्छीमाराला हवामान पाहून निघता येऊ लागलं, हंगाम कित्येक महिन्यांचा झाला, आणि ताजा हॅलिबट दीर्घकाळ मिळू लागला. छोट्या बोटवाल्यांना हिस्से विकत घेणं परवडेनासं झालं हा त्याचा दुसरा परिणाम, आणि तोही खरा आहे.

तर विक्रेत्याला विचारायचे प्रश्न असे: कोणता हॅलिबट, कुठल्या देशाच्या पाण्यातला, समुद्रातला की शेतीतला, आणि कशाने पकडला. मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं निळं चिन्ह पाकिटावर असेल तर यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कुणीतरी आधीच तपासलेली असतात. मॉन्टरे बे ॲक्वेरियमची 'सीफूड वॉच' ही यादी क्षेत्र आणि पद्धतीनुसार सल्ला देते. ती वेळोवेळी बदलते, म्हणून जुनी छापील प्रत जपून ठेवण्यात अर्थ नाही, खरेदीच्या वेळी पाहा. विक्रेत्याला काहीच सांगता येत नसेल तर दुसरा मासा घ्या.

पायरी ४: तुकडी पारखणे

कच्च्या हॅलिबटचं चांगलं मांस पांढरं, ओलसर चमकीचं आणि किंचित पारदर्शक दिसतं. बोटाने दाबलं की वर येतं. पदर एकमेकांपासून सुटलेले नसतात. वास समुद्राचा, स्वच्छ. अमोनियाची झाक आली तर परत ठेवा. ट्रेमध्ये पांढुरकं पाणी साचलं असेल तर मासा बराच वेळ पडून आहे.

कच्चं असतानाच मांस खडूसारखं अपारदर्शक, शिजल्यासारखं दिसत असेल तर तो 'खडू' हॅलिबट. पकडताना मासा फार झगडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि प्रथिनांची घडण बिघडते. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण शिजल्यावर तो कोरडा लागतो. असा घरी आलाच तर तव्यावर टाकू नका, रश्श्यात वापरा.

गोठवलेल्या माशाला नावं ठेवायचं कारण नाही. पकडल्यानंतर लवकर आणि नीट गोठवलेला हॅलिबट, आठवडाभर बर्फावर पडलेल्या 'ताज्या'पेक्षा बहुतेक वेळा सरस असतो. शिवाय ताजा मासा लांबवर पाठवायचा तर विमान लागतं, गोठवलेला जहाजाने येतो आणि प्रदूषण कितीतरी कमी होतं. पाकीट हवाबंद हवं, आत बर्फाचे स्फटिक नकोत, कडा पिवळट किंवा सुकलेल्या नकोत.

कापांपैकी नवशिक्याने मधल्या भागाची, तीन सेंटिमीटर जाडीची, कातडीसकट तुकडी घ्यावी. शेपटीकडचा भाग एका बाजूला पातळ असतो, तो असमान शिजतो. मधल्या काट्यासकट आडवा कापलेला काप रश्श्याला आणि जाळीवर भाजायला छान, कारण काटा मांसाला धरून ठेवतो. गाल मिळाले तर सोडू नका. ते गोल, रेषारेषांचे, अतिशय रसाळ असतात. माणशी १५० ते १८० ग्रॅम मांस पुरतं.

पाऱ्याबद्दल दोन शब्द. मोठ्या, वयस्क माशात पारा जास्त साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्यात हॅलिबट मधल्या गटात आहे: गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आठवड्यातून एकदाच, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. नॉर्वेत २०१७ पासून दोन मीटरहून लांब अटलांटिक हॅलिबट पकडायला बंदी आहे. त्यामागे हेही कारण आहे आणि मोठ्या माद्या वाचवण्याचंही.

पायरी ५: घरी आणल्यावर

फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, चाळणीत बर्फ, बर्फावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तुकडी, खाली पाणी गळायला ताट. दोन दिवसांत शिजवा.

गोठवलेली तुकडी आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: हवाबंद पाकीट वितळायला ठेवण्यापूर्वी फोडा. हवेशिवाय वाढणारा, घातक विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू थंडाव्यातही बंद पाकिटात वाढू शकतो. पाकिटाला हवा लागली की हा धोका टळतो.

कच्चा खाण्याच्या भानगडीत घरी पडू नका. समुद्री माशांत ॲनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात. ते मारण्यासाठी मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठलेला हवा, आणि घरचे फ्रीझर बहुतेक वेळा तेवढे थंड राहत नाहीत.

पायरी ६: मीठ लावणे

ही पायरी गाळू नका, हॅलिबट चांगला होण्यात हिचा वाटा मोठा. शिजवण्याच्या वीस मिनिटं आधी तुकडीला सर्व बाजूंनी मीठ लावा, किंवा लिटरभर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मिठामुळे वरच्या थरातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात, मांस किंचित घट्ट होतं, आणि शिजताना बाहेर येणारा तो पांढरा साय-साय पदार्थ कमी येतो. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर पुन्हा मीठ घालू नका.

नंतर कागदी रुमालाने तुकडी कोरडी टिपा. खरोखर कोरडी. ओलं मांस तव्यात भाजलं जात नाही, वाफवलं जातं, आणि चिकटतंही.

पायरी ७: शिजवणे

आधी तापमान समजून घ्या. अमेरिकी कृषी खात्याची शिफारस आहे की माशाच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस यावेत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसं जेवणार असतील तर हेच पाळा. अनेक स्वयंपाकी मात्र हॅलिबट ५४ ते ५७ अंशांना उतरवतात, कारण उतरल्यावरही आतली उष्णता दोन-तीन अंश चढते आणि ६० च्या पुढे हा मासा झपाट्याने कोरडा होतो. टोकदार सळईचा थर्मामीटर यासाठी घ्याच. तो नसेल तर बारीक धातूची सळई मधोमध खुपसून पाच सेकंद थांबा आणि ओठाखाली लावा: गार लागली तर कच्चा, सुखद कोमट-गरम लागली तर झाला, चटका बसला तर वेळ टळली. काट्याने हलकं दाबल्यावर पदर सुटायला लागले आणि मध्ये मोत्यासारखी पुसट झाक उरली, ही डोळ्यांची खूण. पदर आपोआप विलग होऊन कोरडे दिसायला लागले म्हणजे उशीर झाला.

'अडीच सेंटिमीटर जाडीला दहा मिनिटं' असा एक नियम पाककृतींमध्ये दिसतो. हॅलिबटला तो जास्त होतो. सातव्या मिनिटापासून तपासायला लागा.

तव्यावर: जाड बुडाचा तवा मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, दोन चमचे तेल, तेल झळझळू लागलं की तुकडी वरची, म्हणजे कातडी नसलेली बाजू खाली करून ठेवा. आता तीन-चार मिनिटं तिला हात लावू नका. कडेने पाहिलं की अपारदर्शक पांढरा पट्टा वर चढताना दिसतो. तो अर्ध्याच्या थोडा वर आला आणि खालची बाजू सोनेरी झाली की पातळ कालथ्याने उलटा. तुकडी सुटत नसेल तर आणखी अर्धं मिनिट द्या, ओढू नका. उलटल्यावर आच कमी करून लोण्याचा तुकडा टाका आणि वितळलेलं लोणी चमच्याने वर ओतत राहा, मिनिट-दीड मिनिटात होतं. उतरवून दोन मिनिटं थांबा, मग लिंबू पिळा.

ओव्हनमध्ये, मंद: नवशिक्यासाठी माझी पहिली शिफारस हीच. ओव्हन १२० अंशांवर, तुकडीला तेल चोळलेलं, खाली कागद, वीस ते तीस मिनिटं. कडा आणि मध्य जवळजवळ सारखे शिजतात आणि दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. वरून सोनेरी रंग येत नाही एवढीच उणीव, ती भाजलेला लसूण किंवा परतलेला पावाचा चुरा टाकून भरून काढता येते. घाई असेल तर २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, पण मग समोर उभं राहायचं.

रश्श्यात: कुठलाही पातळ रस्सा आधी पूर्ण तयार करा, मीठ-आंबट चाखून बघा, भाज्या शिजू द्या. मासा सगळ्यात शेवटी. रस्सा उकळला की आच बंद करा, मोठे तुकडे अलगद सोडा, झाकण ठेवून सहा-आठ मिनिटं थांबा. घरातल्या धडधाकट मोठ्या माणसांना असं पुरतं. ६३ अंश हवे असतील तर आच अगदी बारीक ठेवा, पण रस्सा खदखदू देऊ नका. खदखदत्या रश्श्यात हॅलिबटचे दोरे होतात. चमच्याने ढवळू नका, भांडंच हलवा.

वाफवायचा तर अडीच सेंटिमीटर जाडीला आठ मिनिटांच्या आसपास, जाळीवर भाजायचा तर जाळी कडकडीत तापलेली आणि तेल पुसलेली. गालांना तव्यावर प्रत्येक बाजूला दोन मिनिटं पुरतात.

मसाल्याच्या बाबतीत हात आखडता ठेवा. सौम्य माशावर तिखटाचा दाट थर चढवला की खाली हॅलिबट आहे की आणखी काही, ते कळतच नाही. लिंबू, लोणी, लसूण, ताज्या हिरव्या पानांचा चुरा, थोडी मिरी यांत तो उठून दिसतो. आंबट पदार्थात मुरवायचा असेल तर दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, आम्लाने वरचा थर आधीच शिजल्यासारखा होतो.

उरलेलं काय करायचं

शिजलेला हॅलिबट मायक्रोवेव्हमध्ये परत गरम केला की संपला. उरला तर गारच पदर मोकळे करा, लिंबू आणि तेल घालून पावात किंवा कोशिंबिरीत घाला, नाहीतर उकडलेल्या बटाट्यात मिसळून टिक्क्या करा. फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

काटा, डोकं आणि कडेचे तुकडे विक्रेत्याकडून मागून घ्या. कल्ले काढून टाका, ते कडवट करतात. कांदा, थोडी मिरी आणि बुडेल इतकं गार पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, वर येणारा फेस काढत राहा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर चव बिघडते. गाळा, गार करा, छोट्या डब्यांत भरून तारीख लिहून गोठवा. पुढच्या वेळी रस्सा करताना पाण्याऐवजी हेच घाला.